दहा फुटांच्या सासूबाई

शहाद्याला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, आणि दुकानाची पायरी चढणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलत चढतो. ताई, फोटो तेवढा क्लिअर करून द्या. फोटो कुठे आहे म्हणावं तर मोबाईलमध्ये. मोबाईलमध्ये कुठे, तर चुलतभावाने पाठवलेला. त्याला कोणी पाठवला, तर मेव्हण्याने, आणि मेव्हण्याने तो कुणाच्या तरी लग्नाच्या टीव्हीवरून काढलेला. त्यात वाढदिवसाचा मानकरी वांग्याच्या भरताच्या पातेल्यामागे मसुराच्या डाळीएवढा उभा असतो. त्याला चौकात पंधरा फूट करायचं, आणि वर क्लिअर.

मी सुरुवातीला सगळ्यांना समजावून सांगायचे. अहो, फोटो म्हणजे ठिपके. एका इंचात किती ठिपके बसतात त्यावर छपाई स्वच्छ येते की फुटते ते ठरतं. हातात धरून बघायची लग्नपत्रिका असेल तर इंचाला तीनशे लागतात. चौकातल्या फ्लेक्सला तीस-चाळीसही पुरतात, कारण त्याला कोणी नाक लावून बघत नाही. बघणारा जितका लांब तितके ठिपके कमी चालतात. ठिपके मुळात जेवढे आहेत तेवढेच. फोटो मोठा केला की ठिपकाच मोठा होतो, नवा जन्माला येत नाही. एवढं सगळं ऐकून घेऊन माणूस मान डोलवायचा आणि म्हणायचा, बरोबर आहे ताई, पण थोडा क्लिअर करा. मग मी समजावणं सोडलं. एकच बाई अशी निघाली जिला माझा हिशेब पहिल्या फटक्यात कळला, आणि तिनेच मला सगळ्यात जास्त छळलं. ती माझी सासू.

आमचं गाव प्रकाशा नावाच्या तीर्थाच्या अलीकडे, तापीच्या काठाला. घरासमोरून रस्ता जातो आणि रस्त्यापलीकडे सासूबाईंच्या थोरल्या जावेचं घर. त्यांना आम्ही सगळे मोठी माय म्हणतो. दोघींची दारं समोरासमोर, ओटे समोरासमोर, आणि दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे असंच. कारण काय, तर खापर. खापर म्हणजे ज्याच्या पालथ्या पाठीवर आमच्याकडे मांडे भाजतात ते मातीचं भांडं. मोठ्या मायच्या घरच्या लग्नाला सासूबाईंचं खापर गेलं आणि परत आलं ते तडा जाऊन. मोठी माय म्हणाल्या, तडा आधीच होता. सासूबाई म्हणाल्या, तोंड आधीच तसं होतं. संपलं. पुरुषमंडळी रोज एकत्र पारावर बसतात, पोरं या घरी जेवतात आणि त्या घरी झोपतात, भाजीची वाटी रस्ता ओलांडून इकडची तिकडे जाते. या दोघीच तेवढ्या आपापल्या ओट्यावर बसून राहतात. मोठी माय तर सकाळपासून आमच्या घराकडे तोंड करून बसायच्या. सासूबाई म्हणायच्या, बघ कशी डोळे वटारून बघते. आणि त्यांच्यासमोर अंगणात जायचं म्हणून केस विंचरून, पदर नीट करून, पाठ ताठ ठेवून जायच्या. साधी तुळशीला पाणी घालायला सुद्धा.

आमच्या गावात म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस एक जानेवारीला असतो. सगळ्यांचा. आधार काढणाऱ्याला कुणाचीच तारीख कळेना, म्हणून त्याने एकजात सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं. त्या दिवशी गावात जिकडे तिकडे जिलेबी. गेल्या वर्षी मोठ्या मायच्या पोरांनी चांगल्या कॅमेऱ्याने आईचा फोटो काढला आणि माझ्याकडूनच फ्लेक्स छापून घेऊन घरावर लावला. काय सांगू, माझ्या आयुष्यातली सगळ्यात स्वच्छ छपाई. हनुवटीच्या मसावरचा केस रस्त्यापलीकडून मोजता यायचा. मला अभिमान वाटला आणि घरात पुढे कित्येक दिवस मला दुधाचा चहा मिळाला नाही.

यंदा दिवाळी संपली तशी सासूबाईंनी मला शेजारी बसवलं आणि सांगितलं की त्यांचाही फ्लेक्स झाला पाहिजे. तिच्यापेक्षा मोठा. मला वाटलं, चला, घरचं काम, झटक्यात होईल. मी मोबाईल काढला, त्यांना उजेडाला बसवलं, चांगले दहा-बारा फोटो काढले. ठिपके म्हणाल तर ढिगाने. दाखवले. त्यांनी मोबाईल हातभर लांब धरला, मग जवळ घेतला आणि मला विचारलं, "हाई कोन बुढी शे?"

त्यांना हा फोटो नको होता. त्यांना तो हवा होता. तो म्हणजे दोघी नव्या नवऱ्या असताना प्रकाशाच्या जत्रेत काढलेला. मागे पडद्यावर राजवाडा, तळं आणि राजहंस रंगवलेले, पुढे दोघी जावा शेजारीशेजारी, थोरलीचा हात धाकटीच्या खांद्यावर, आणि दोघींची तोंडं हसू दाबून फुगलेली. घरी सासऱ्यांना न सांगता गेल्या होत्या म्हणे. सासूबाईंची प्रत कसरीने केव्हाच खाल्ली. दुसरी प्रत मोठ्या मायच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत. आमच्याकडे उरला होता तो फक्त त्या चौकटीचा मोबाईलवर काढलेला फोटो, जो कुणीतरी एका दिवाळीला घरच्या ग्रुपवर टाकला होता आणि ग्रुपवर टाकताना त्याचा जीव निम्मा झाला होता. शिवाय काचेत ट्यूबलाइट चमकलेली. ती नेमकी मोठ्या मायच्या कपाळावर. सासूबाईंच्या मते हा देवाचा न्याय होता.

मी म्हटलं, अहो, मूळ फोटो समोर भिंतीवर आहे. मी जाते, मागते, स्कॅन करते, काचेसारखा स्वच्छ फ्लेक्स देते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. त्या घरातून त्यांना मीठ सुद्धा नको होतं. मग मी म्हटलं, ठीक आहे, आहे त्यातच करू, पण दोघींना राहू द्या. तर म्हणाल्या, ती कशाला? तिला काप. मला एकटीला दहा फूट कर.

आता इथे माझं डोकं फिरलं. मी कागद घेतला आणि हिशेब मांडला. तुमचा चेहरा या फोटोत जेमतेम शंभर ठिपक्यांचा. दोघी ठेवल्या तर तुमचा चेहरा होईल दोन फुटांचा, म्हणजे इंचाला चार ठिपके. लांबून खपेल. तिला कापून तुम्हाला ताणलं तर चेहरा चार फुटांचा, इंचाला दोन ठिपके, एकेक ठिपका बोटाच्या पेराएवढा. तुम्ही नुसते चौकोन दिसाल. मग मी त्यांच्या भाषेत सांगितलं. गोळा एवढाच आहे, त्याचा मांडा किती मोठा करायचा? ताणून ताणून फाटणार.

त्यांना कळलं. चक्क कळलं. बीए झालेल्या ग्राहकांना जे कळत नाही ते त्यांना कळलं. पण कळून उपयोग काय? त्यांनी दोन्ही हात वर केले, मांडा हातांवर फिरवतात तसे हवेत फिरवले आणि विचारलं, "मन्हा हातना मांडा कधी फाटना का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आणि खरं सांगायचं तर मला रडूही आलं, कारण त्याच्या पाठोपाठ त्या हळूच बोलल्या ते मला पाठ आहे. म्हणाल्या, "मी कशी व्हती ते तिलेच माहीत शे. दुसरं कोन ऱ्हायनं आते? तिनी एकदाव मन्हाकडे देखाले जोयजे." म्हणजे हे भांडण होतं की काय होतं, तुम्हीच सांगा. दिवसभर जी समोर बसून बघते म्हणून तक्रार, तिनेच बघावं म्हणून दहा फुटांचा खटाटोप.

मग मी कामाला लागले. आधी मोबाईलवरचं ते चेहरा सुधारणारं यंत्र वापरून बघितलं. त्याने सासूबाईंचे शंभर ठिपके घेतले आणि बाकीचे स्वतःच्या मनाने घातले. मिटलेल्या तोंडात बत्तीस दात बसवले, भुवया कोरल्या, डोळे घारे केले. फोटो असा स्वच्छ की विचारू नका, फक्त बाई दुसरीच. सासूबाईंनी बराच वेळ बघितलं आणि मुलगी चांगली आहे, कुणाची आहे, असं विचारलं. एका पुतण्याचं जमत नव्हतं, त्याच्यासाठी.

तेव्हा ते यंत्र बाजूला ठेवलं आणि मोठ्या मायना कापायला घेतलं. कापताना लक्षात आलं की सगळ्या मायला काढता येतं, हात काढता येत नाही. तो खांद्यावर असा बसलेला की हात काढला तर खांदाही जातो. पुसून बघितला तर सासूबाईंच्या पदराला भोक पडल्यासारखं दिसायला लागलं. मागचा राजहंसही मधोमध कापला जाऊन त्याची मान सासूबाईंच्या कानातून वर आली. हंसाची मान मी पुसली. हात राहू दिला. चार बोटं, मनगटापर्यंत, पुढे कोणी नाही. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, कोण बघतंय.

आमच्या धंद्यात मोठं काम छापण्याआधी एक तुकडा खऱ्या मापात छापून लांबून बघायचा असतो. मी उरलेल्या फ्लेक्सवर फक्त नाक छापलं. फूटभर नाक. ते घरी आणून भिंतीवर टांगलं आणि रस्ता ओलांडून मोठ्या मायच्या ओट्याशेजारच्या विजेच्या खांबाला टेकून उभी राहिले, कारण बघणारी तिथूनच बघणार होती. तिथून नाक नाकासारखं दिसत होतं. रस्त्याच्या मध्यावर यावं तर ते विरघळायला लागायचं, आणि आमच्या अंगणात पाऊल टाकलं की राखाडी चौकोन. मी तीन-चारदा पुढे-मागे गेले तर पारावरची माणसं जमली. एकाला ते बटाटं वाटलं, एकाला तापीचा नकाशा, आणि एक जण मला बाजूला घेऊन विचारायला लागला की ही नव्या पाणीयोजनेची टाकी आहे का, असेल तर आमच्या गल्लीला नळ कधी. मी सांगितलं, सासूबाईंचं नाक आहे. त्याने नाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला.

माझा हिशेब पक्का झाला. मोठ्या मायच्या ओट्यावरून फ्लेक्स खपेल, त्याच्या अलीकडून नाही. म्हणजे सगळ्या जगात सासूबाई नीट दिसण्याची जागा एकच, आणि ती जावेचा ओटा. हे त्यांना सांगितलं तर त्या खूष झाल्या. बाकीच्यांशी त्यांना काय करायचं होतं?

एक जानेवारीला सकाळी फ्लेक्स घराच्या दर्शनी भिंतीवर चढला. वरच्या गच्चीपासून खाली ओट्यापर्यंत सासूबाई. रस्त्यापलीकडून बघणाऱ्यांनी वा वा केलं. जिलेबी घ्यायला अंगणात आलेल्यांना मात्र नुसते चौकोन दिसले, आणि ते जिलेबी खात खात मान वाकडी करून कोण आहे ते ओळखायचा प्रयत्न करत होते. माझा नवरा दारात उभा राहून प्रत्येकाला सांगत होता, मागे जा, मागे जा, आई मागून दिसते. लोक पाहुणे म्हणून यायचे आणि तो त्यांना रस्त्यापलीकडे हाकलायचा. एक पाहुणे इतके मागे गेले की मोठ्या मायच्या घरी जाऊन चहा पिऊन आले.

सासूबाई नवं लुगडं नेसून फ्लेक्सखाली खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचं लक्ष जिलेबीत नव्हतं, पाहुण्यांत नव्हतं. समोरच्या ओट्यावर मोठी माय नेहमीसारख्या इकडे तोंड करून बसलेल्या. आणि त्यांचा चेहरा जरासुद्धा हलत नव्हता. ना राग, ना हसू, ना तोंड फिरवणं. दहा फुटांची जाऊ समोर उभी केली आणि ही बाई जशी रोज बसते तशीच बसलेली. सासूबाई खुर्चीत सरकल्या, खाकरल्या, कारण नसताना मोठ्याने हसल्या. तिकडे काही नाही. हळूहळू सासूबाईंचा चेहरा उतरायला लागला. मला इतका राग आला मोठ्या मायचा, की वाटलं जावं आणि चांगलं सुनवावं. एवढी मोठी बाई दिसत नाही का तुम्हाला?

आणि गेलेच मी. जिलेबीची ताटली घेऊन गेले, बहाणा म्हणून. ओट्यावर पोचले, ताटली पुढे केली. त्यांनी हात पुढे केला तो ताटलीच्या वीतभर शेजारी. हवेत. मग आवाजाच्या अंदाजाने माझ्याकडे तोंड करून हळूच विचारलं, तिकडे कसली गडबड चाललीय, सकाळपासून भिंतीवर काहीतरी पांढरं-काळं लावलंय ते काय आहे.

मी जवळून त्यांचे डोळे बघितले. दोन्हींवर मोतीबिंदू, दह्याच्या सायीसारखा. घरात त्या सवयीने फिरायच्या, म्हणून पोरांना कळू दिलं नव्हतं, ऑपरेशनची भीती. "माले दूरनं काहीच दिखत नही वं," म्हणाल्या. "सांगजो नको कोनले." म्हणजे इतके दिवस ही बाई डोळे वटारून आमच्या घराकडे बघत नव्हती. आमच्या घराकडून ऊन येतं, म्हणून तिकडे तोंड करून बसत होती. आणि इकडे माझी सासू तुळशीला पाणी घालायला केस विंचरून जात होती. हसावं की रडावं ते मला कळेना. मी सगळा हिशेब केला होता, ठिपक्यांचा, इंचांचा, रस्त्याच्या रुंदीचा. बघणारीच्या डोळ्यांचा केला नव्हता.

मी त्यांना सांगितलं की तो प्रकाशाच्या जत्रेतला फोटो आहे, धाकटीचा. त्या उठल्या, माझा दंड धरला आणि चला म्हणाल्या. आम्ही रस्ता ओलांडायला लागलो. नवऱ्याने सवयीने हात वर करून मागे जा म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सासूबाई खुर्चीवरून उठल्या. मला वाटलं, आता गेलं सगळं. रस्त्याच्या मध्यापासून फोटो विरघळतो, अंगणात नुसते चौकोन. एवढा रस्ता ओलांडून ही बाई येणार आणि तिला काय दिसणार, तर चौकोन.

मोठी माय भिंतीपासून चार पावलांवर थांबल्या. मान वर करून बघत राहिल्या. जिथून आम्हा डोळस माणसांना काही म्हणजे काही कळत नव्हतं, तिथून त्या गालात हसायला लागल्या. मला नंतर उमगलं ते असं, की चौकोन दिसायला कडा दिसाव्या लागतात, आणि त्यांच्या डोळ्यांना कडा दिसतच नव्हत्या. लांबून जे आम्हाला दिसतं ते त्यांना जवळून दिसत होतं. गावात एकट्या त्याच होत्या ज्यांना अंगणात उभं राहून सासूबाई दिसल्या. "बेस उना वं फोटो," त्या म्हणाल्या. "तोंड देख कसं फुगाडेल शे."

मोठी माय पुढे झाल्या आणि फ्लेक्स चाचपत चाचपत खांद्यापाशी पोचल्या, तिथे पांढऱ्या चौकोनांचा पुंजका होता. त्यावर त्यांनी आपला सुरकुतलेला हात ठेवला.

"हाऊ हात मन्हा शे," त्या म्हणाल्या. "मी कोठे शे?"

सासूबाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि मग सरळ माझ्याकडे बोट केलं. "हिनी कापी टाकं तुले," म्हणाल्या. मी! ज्या बाईने कापू नका, दोघी ठेवा म्हणून कागदावर हिशेब मांडून दाखवला, ती मी! मी तोंड उघडलं, पण दोघी जावा माझ्याकडे अशा एकाच चेहऱ्याने बघत होत्या की मी गप्प बसले. मोठी माय म्हणाल्या, आजकालच्या सुनांना काही कळत नाही. सासूबाई म्हणाल्या, अगदी.

मग मोठ्या मायनी सांगितलं की फोटो भिंतीवर आहे, काढून घेऊन जा, मागितला असता तर दिलाच असता. सासूबाई नव्या लुगड्यात, जावेचा दंड धरून, स्वतः रस्ता ओलांडून तो आणायला निघाल्या. दोन पावलं गेल्यावर थांबल्या आणि वळून मला नवी ऑर्डर दिली.

"लहान कर," म्हणाल्या. "पन दोन्ही ऱ्हाऊ दे."